थंडीत घरची शाळा कशी चालवावी: कोल्हापूरच्या उन्हाला धरून

आमची दोन्ही मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. थोरली अकरा वर्षांची, धाकटा सात वर्षांचा. हा आमचा तिसरा हिवाळा. पहिल्या हिवाळ्यात मी शाळेचंच वेळापत्रक घरात आणलं होतं. सकाळी सातला आंघोळी उरकून, शहाबादी फरशीवर चटई टाकून अभ्यास सुरू. धाकटा गोधडी पांघरूनच यायचा. पेन्सिल धरलेली त्याची बोटं मी हातात घेतली की गार लागायची. दोन आठवड्यांत दोघंही खोकल्याने आडवी झाली आणि मुलांचं घरी मन लागत नाही, असं मला वाटायला लागलं. चूक वेळेची होती, हे कळायला डिसेंबर उजाडला. सर्दीतून उठलेल्या थोरलीने एके दिवशी आपणहून पुस्तक उचललं आणि गच्चीत उन्हाला जाऊन बसली. दीड तास हलली नाही.

कोल्हापूरची थंडी कडाक्याची नसते. पहाटे पारा चौदा-पंधरा अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी तीसच्या आसपास जातो. एकाच दिवसात स्वेटरही लागतो आणि पंखाही. हा चढउतार धरून दिवस बांधला की नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने घरी शिकण्यासाठी वर्षातले सगळ्यात चांगले महिने ठरतात. आम्ही तो कसा बांधतो, ते सांगते.

आधी घरातलं ऊन शोधा

वेळापत्रक कागदावर मांडण्याआधी तीन दिवस फक्त ऊन बघा. सकाळी आठ, दहा, बारा आणि दुपारी चार वाजता घरात ऊन कुठवर येतं तिथे मुलांना खडूने रेघ मारायला सांगा आणि रेघेशेजारी वेळ लिहायला सांगा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून खालून जातो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आतपर्यंत शिरतं. उन्हाळ्यात तीच खिडकी जवळजवळ कोरडी असते. आमच्याकडे दक्षिणेची खिडकी स्वयंपाकघराला आहे, त्यामुळे हिवाळाभर दहा ते बाराचा अभ्यास ओट्याखाली चालतो. तुमच्या घरात ती जागा जिन्यात असेल, पुढच्या सोप्यात असेल, गॅलरीत असेल. जिथे ऊन तिथे सतरंजी. टेबल-खुर्चीचा आग्रह या चार महिन्यांपुरता सोडून द्या.

फ्लॅटमध्ये ऊन येतच नसेल तर सोसायटीच्या गच्चीची चावी मागून घ्या आणि वेळ ठरवून घ्या. शेजाऱ्यांची वाळवणं असतात, त्यांच्या मधे पोरं नाचली तर चावी पुन्हा मिळत नाही.

दिवस कसा पडतो

डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहा वाजून पाच मिनिटांच्या आसपास मावळतो. जूनपेक्षा दिवस दोन तासांनी लहान. हे दोन तास कुठूनतरी कमी करावेच लागतात. आम्ही ते सकाळचे कमी केले.

मुलं साडेसातला उठतात. उठल्यावर लगेच आंघोळ नाही. आधी तोंड धुऊन गरम दूध, मग पायांना, कोपरांना तिळाचं तेल आणि गच्चीत बारा सूर्यनमस्कार. आंघोळ साडेआठनंतर, बंबाचं पाणी तापलं की. नऊ ते साडेदहा हा डोक्याच्या कामाचा वेळ: गणित, नवीन धडा, थोरलीचं इंग्रजी. मग भाकरी आणि थोडं इकडेतिकडे. अकरा ते साडेबारा हाताचं काम: लिखाण, चित्र, प्रयोग, स्वयंपाक. जेवणानंतर वाचन, आणि धाकट्याची झोप आली तर झोप.

ही वेळ घड्याळाला बांधलेली नाही. ढगाळ दिवशी सगळं अर्ध्या तासाने पुढे सरकतं. गणित मात्र सकाळच्या उन्हातच होतं, त्यात बदल नाही, कारण दुपारी जेवण आणि ऊन दोन्ही अंगावर आलं की मुलं गणिताला बसत नाहीत आणि बसली तरी रडतात.

एका वेळेला मात्र हात लावू नका. पाच ते सव्वासहा. शाळेतली मुलं पाचला घरी येतात आणि सव्वासहाला अंधार पडतो. गल्लीत क्रिकेट, लगोरी जे काही होतं ते एवढ्याच वेळात. घरी शिकणाऱ्या मुलाला दोस्त मिळायची हिवाळ्यातली हीच खिडकी आहे. तेव्हा चित्रकलेचा क्लास, बाजारहाट, पाहुणे, काही म्हणजे काही लावायचं नाही. पहिल्या वर्षी आम्ही त्या वेळेत तबला लावला होता. महिन्याभरात धाकट्याला गल्लीतल्या टीममधून काढलं होतं. तबला सकाळवर नेला.

काठी, सावली आणि किरणोत्सव

हिवाळ्यात एकच मोठा प्रकल्प करायचा असेल तर हा करा. खर्च काही नाही आणि कोल्हापूरकरांसाठी तो जणू घरचाच आहे.

अंबाबाईच्या देवळात ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला मावळत्या सूर्याची किरणं गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत पोहोचतात. पहिल्या दिवशी पायांवर, मग कमरेपर्यंत, मग मुखावर. हाच किरणोत्सव. ढग, धूळ, वाटेतली बांधकामं यांनी कधी अडतात, पण तारखा आपल्या सगळ्यांना पाठ. मुलांना विचारा: याच तारखा का? आणि दोनदा का?

उत्तर सांगू नका. गच्चीवर न्या. नोव्हेंबरच्या त्या तीन दिवसांत सूर्य कुठे मावळतो ते समोरच्या पाण्याच्या टाकीच्या, टॉवरच्या, झाडाच्या खुणेने वहीत काढून ठेवायला सांगा. त्याच जागेवर उभं राहून दर रविवारी परत काढायचं. सूर्य क्षितिजाला टेकेपर्यंत थेट त्याच्याकडे बघायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशीच घालून द्या. मावळतीची जागा डावीकडे, म्हणजे दक्षिणेकडे सरकत जाते. २१ डिसेंबरच्या आसपास ती थांबते आणि मागे फिरते. हात लांब करून मूठ धरली तर मूठ साधारण दहा अंशांची होते. किरणोत्सवाच्या जागेपासून डिसेंबरची जागा अर्ध्या मुठीपेक्षा थोडी जास्त दूर असते. आणि ३१ जानेवारीला सूर्य पुन्हा त्याच टाकीमागे येतो. मग थोरलीला दिवस मोजायला लावले. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर एकेचाळीस, २१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी बेचाळीस. तिने वही माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "आई, देऊळ बांधणाऱ्यांनी पण असंच गच्चीवर बसून बघितलं असणार." मला त्या वाक्यात वर्षभराची शाळा मिळाली.

सोबत काठीचा प्रयोग. एक मीटरची सरळ काठी कुंडीत ओळंब्याने उभी रोवा. बारा वाजून दहा मिनिटांपासून एकला पाच कमीपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करा. सगळ्यात आखूड सावली म्हणजे आपली खरी दुपार. ती बाराला येत नाही, हे पाहून मुलं चकित होतात. भारताची वेळ ८२.५ अंश रेखांशावरची, कोल्हापूर ७४.२ अंशांच्या जवळ. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपण तेहतीस मिनिटं मागे. हे गणित थोरलीने फळ्यावर न करता उन्हात केलं आणि ते तिच्या डोक्यातून आता जाणार नाही.

मोजमापं अशी येतील. २१ डिसेंबरला साडेबाराच्या सुमाराला सावली ८४ सेंटिमीटर. १० नोव्हेंबरला आणि १ फेब्रुवारीला दोन्ही वेळा ६७ च्या आसपास. लांबी तीच, पण नोव्हेंबरात खरी दुपार सव्वाबाराच्या थोडं पुढे आणि फेब्रुवारीत पाऊण वाजता. हा फरक पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे आणि तिची कक्षा लंबगोल असल्यामुळे पडतो. सात वर्षांच्या मुलाला इतकं सांगायची गरज नाही, त्याला सावली मोजू दे. तुमच्या आकड्यात दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे झाले तर आधी काठी ओळंब्यात आहे का आणि जमीन सपाट आहे का ते बघा. ही कुंडी मे महिन्यापर्यंत ठेवा. मेच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात खऱ्या दुपारी काठीची सावली नाहीशी होते.

संक्रांतीला पुढचा प्रश्न आपोआप येतो. सूर्य डिसेंबरात फिरला, तर उत्तरायणाचा सण जानेवारीत का? पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो आणि त्यामुळे राशींच्या हिशोबातली तारीख साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. तीळगूळ खाता खाता एवढं पुरे.

गुऱ्हाळावर एक सकाळ

घरच्या शाळेला जी सवलत आहे ती इथे वापरा. शाळेची सहल वर्षातून एकदा, ठरलेल्या तारखेला. आपण गुऱ्हाळ पेटलं की जाऊ शकतो. करवीर आणि पन्हाळा तालुक्यांत डिसेंबर-जानेवारीत गुऱ्हाळं जोरात असतात. ओळखीच्या शेतकऱ्याकडून आदल्या संध्याकाळी विचारून घ्या: "उद्या काहील कधी चढणार?" काहील म्हणजे रस आटवायची मोठी कढई. आम्ही पहिल्यांदा न विचारता दुपारी गेलो तेव्हा गूळ ओतून झाला होता, माणसं काहील घासत होती. काहील चढताना पोहोचायचं आणि उतरेपर्यंत थांबायचं. अडीच-तीन तास लागतात.

मुलांनी बूट आणि पूर्ण बाह्यांचा सुती कपडा घालावा. नायलॉनचं जर्किन नको, ठिणगी पडली तर चिकटतं. धाकट्याचा हात एका मोठ्या माणसाच्या हातात, सतत. गूळ करणाऱ्या गुळव्याने आम्हाला पहिलंच वाक्य हे ऐकवलं, "ताई, पोरास्नी ह्या अंगाला उभं करा, तिकडं वाफ येतीया."

मग बघायचं. चरकातून रस काहिलीत येतो. खाली चुलवाणात चुलव्या वाळलेली चिपाडं सारतो, म्हणजे उसाचाच रस उसाच्याच जळणावर आटतो. रस तापला की काळपट मळी वर येते. भेंडीच्या झाडाचा चिकट रस घातला की घाण त्याला धरून वर येते आणि झाऱ्याने काढून टाकतात. रंग हिरवट राखाडीवरून मधासारखा होत जातो. मग फेस बारीक होतो, बुडबुड्यांचा आवाज बदलतो. आमच्या धाकट्याने तो आवाज घरी तोंडाने काढून दाखवला: आधी "खळखळ", मग "फदफद". काकवी साधारण १०५ अंशांना तयार होते, गुळाला पाक ११८ अंशांच्या आसपास न्यावा लागतो. गुळव्याकडे थर्मामीटर नव्हता. त्याने थोडा पाक गार पाण्यात टाकला, बोटांनी गोळी वळली आणि मान हलवली. चार माणसांनी काहील उतरवून वाफ्यात पाक ओतला.

घरी आल्यावर लगेच निबंध लिहायला बसवू नका. दोन दिवस जाऊ दे, मुलं आपोआप बोलायला लागतात. तिसऱ्या दिवशी आम्ही शब्द गोळा केले: चरक, काहील, चुलवाण, मळी, वाफा, चिपाड, काकवी, रवा (गुळाची ढेप). थोरलीला टक्केवारी शिकायची होती. एक टन उसापासून साधारण शंभर ते सव्वाशे किलो गूळ येतो, मग उरलेला ऊस गेला कुठे? तिने स्वतः उत्तर काढलं, काही चिपाडात गेला आणि बाकी पाणी होऊन वाफेत.

स्वयंपाकघर

गुऱ्हाळ बघितलेल्या मुलांना संक्रांतीच्या लाडवांचा पाक समजावावा लागत नाही. पाव किलो तीळ, पाव किलो चिकीचा गूळ, शंभर ग्रॅम शेंगदाणे, दोन चमचे तूप. तीळ मंद आचेवर भाजायचे, गूळ-तुपाचा पाक वाटीतल्या पाण्यात गोळी होईपर्यंत शिजवायचा. पाक मोठ्यांनी हाताळायचा. लाडू कोमट असताना वळायला मुलांना द्यायचे, तळहाताला तूप लावून. एकूण वजन किती, पंचवीस लाडू झाले तर एक किती ग्रॅमचा, शेजारच्या पाच घरांत कसे वाटायचे, हा पूर्ण धडा.

भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि गाजर, पावटा, वांगं, हरभरा, घेवडा घालून भाजी. "न खाई भोगी तो सदा रोगी" ही म्हण मुलं जेवताजेवताच शिकतात. एखाद्या पहाटे गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर नेऊन म्हशीची धार काढताना दाखवा. मला स्वतःला धारोष्ण दूध आवडतं, पण मुलांना उकळूनच देते.

अंधार लवकर पडतो त्याचं काय करायचं

सव्वासहा ते आठ हा वेळ टीव्ही खातो. आम्ही तो मोठ्याने वाचनाला दिला. एकजण वाचतो, बाकीचे शेंगा फोडतात, भरतकाम करतात, नुसतं लोळतात. पुस्तकांसाठी करवीर नगर वाचन मंदिराची वर्गणी भरा. ते १८५० साली सुरू झालं, म्हणजे मुलांच्या पणजोबांच्याही आधी. दर आठवड्याला आपलं पुस्तक आपण बदलून आणणं ही थोरलीची जबाबदारी आहे आणि ती तिला मानाची वाटते.

आठ-साडेआठला स्वेटर घालून गच्चीवर दहा मिनिटं. डिसेंबरात पूर्वेला मृग नक्षत्र वर आलेलं असतं. मधले तीन ठळक तारे म्हणजे बाण, खाली उजवीकडे चकाकणारा व्याध, वर लालसर रोहिणी आणि त्याही वर कृत्तिकांचा झुबका. दत्तजयंतीच्या रात्री चंद्र मृगाच्या आसपास असतो, म्हणून त्या महिन्याचं नाव मार्गशीर्ष. पुढच्या पौर्णिमेला चंद्र पुष्याजवळ, म्हणून पौष. पंचांगातली नावं अशी आकाशात सापडली की पाठ करावी लागत नाहीत.

आजारपणाचे दिवस

ताप असेल त्या दिवशी अभ्यास नाही. नुसती सर्दी असेल तर गोष्ट ऐकायची आणि पडून राहायचं. थंडीत तहान लागत नाही म्हणून मुलं पाणी विसरतात. आम्ही प्रत्येकाचा तांब्या भरून ठेवतो, जेवणापर्यंत तो संपवायचा. शेकायची शेगडी बंद खोलीत कधीही नको. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि झोपेत जीव जातो. चुलवाणाचा, बंबाचा धूर सोसत नसलेल्या मुलाला त्यापासून लांब ठेवा. खोकला दोन आठवड्यांवर गेला किंवा श्वास लागायला लागला तर काढ्यांवर भिस्त न ठेवता डॉक्टरांकडे जा.

लोक काय विचारतात

"आज पोरं शाळंला न्हाई गेली व्हय?" दुकानात, रिक्षात, रंकाळ्यावर. मुलांना उत्तर ठरवून द्या, म्हणजे ती गोंधळत नाहीत. आमची म्हणतात, "आम्ही घरी शिकतो, आता सावली मोजायला जायचंय." बहुतेक माणसं मग सावलीबद्दलच विचारतात.

एका प्रश्नाने मात्र मी बरीच रात्र जागले आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्याच गावात मी मुलांना घरी ठेवते. महाराजांनी सक्ती केली ती शेतात, गोठ्यात, धुण्याभांड्यांत अडकलेल्या मुलांचे हात मोकळे व्हावेत म्हणून. म्हणून आमच्या घरात एक नियम पक्का आहे: अभ्यासाच्या वेळेत थोरलीला घरकामाला उठवायचं नाही. पाहुणे आले तरी चहा मी करते. ज्या घरात हा नियम पाळता येणार नसेल त्यांनी मुलांना शाळेतच घालावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

डिसेंबर-जानेवारीत गल्लीतल्या मुलांच्या गॅदरिंगच्या तालमी सुरू होतात आणि आपली मुलं गप्प होतात. ते दुःख खरं असतं, त्याला समजूत घालून उडवू नका. आम्ही गेल्या वर्षी चार घरांनी मिळून गच्चीवर कार्यक्रम केला. साडीचा पडदा, एक स्पीकर, आणि ह्यांच्या वर्कशॉपमधून आणलेला हॅलोजन. गल्लीतली शाळेतली मुलंही नाचली.

नोंदी आणि परीक्षा

एका जाड वहीत रोज तीन ओळी: काय केलं, काय अडलं, उद्या काय. सावलीचे आकडे, गुऱ्हाळाची चित्रं त्यातच. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे, पण होमस्कूलिंगची वेगळी नोंदणी त्यात नाही, म्हणून आपली वही आपणच नीट ठेवायची. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी देता येते, त्यासाठी किमान वय चौदा पूर्ण हवं आणि परीक्षा वर्षातून दोनदा होतात. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही आहे. जन्मदाखला आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते आत्ताच बघून ठेवा, आम्हाला एका वेलांटीसाठी चार खेपा पडल्या.

ह्यांना सोमवारी सुट्टी असते, त्यामुळे सोमवार बाहेरचा. एकदा पन्हाळा, धुकं उतरायच्या आत. एकदा टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय, तिथे ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला समुद्रदेव पोसायडनचा छोटा ब्राँझचा पुतळा आहे. ग्रीकांचा देव पंचगंगेकाठी कसा आला, या एका प्रश्नावर थोरलीचा पंधरवडा गेला. सुट्टीचा वार मात्र आधी विचारून जा, आम्ही पहिल्यांदा सोमवारी दार बंद बघून परत आलो होतो.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात नऊचं ऊन पाठीला चटका द्यायला लागतं. त्या दिवशी सतरंजी आत येते, उठायची वेळ सहावर जाते आणि स्वयंपाकघरातल्या फरशीवरच्या खडूच्या रेघा धाकटा ओल्या फडक्याने पुसतो. दहाची रेघ तेवढी ठेवतो. पुढच्या नोव्हेंबरात ऊन तिथवर आलं की सुरू करायचं.